खाली किती जातं?

मेटल डिटेक्टर घेऊन शेताच्या कडेला उभं राहिलं की पाच मिनिटांत कोणीतरी टपकतंच. कुत्रा फिरवायला निघालेले आजोबा असतात, नाहीतर शेतमालकाचा मुलगा, नाहीतर वाट चुकलेलं एखादं जोडपं. प्रश्न दोनच. "काय सापडलं?" हा दुसरा. पहिला नेहमी, "खाली किती जातं हे?"

नोकरीनिमित्त मी गेली चार वर्षं इंग्लंडच्या मिडलंड्स भागात राहतोय, आणि शनिवार-रविवार शेतमालकांच्या परवानगीने त्यांच्या नांगरलेल्या शेतांतून हे यंत्र फिरवतोय. इथे हा छंद मासे पकडण्याइतका सर्रास आहे. साताऱ्याहून माझा आतेभाऊ फोन करतो, तर त्याचाही पहिला प्रश्न तोच. ऑफिसमधल्या मॅनेजरचाही तोच. माणसाला खालच्या गोष्टीचं इतकं आकर्षण का असतं कोण जाणे!

सुरुवातीला मी छाती फुगवून "चौदा इंच!" असं ठोकून द्यायचो. हल्ली "माहीत नाही" म्हणतो. ऐकणाऱ्याला वाटतं, याला यंत्र वापरता येत नसावं. खरं तर ते थोडंफार वापरता यायला लागल्यापासूनच माझं उत्तर बदललं.

तर आज जरा भांडायचंय. भांडण खोलीशी नाही, खोलीच्या तुलनांशी आहे. अमुक यंत्र बारा इंच, तमुक चौदा, आणि हे नवीन आलेलं तर सोळा! टेपपट्टीसमोर नाणं हलवणारे व्हिडिओ, रंगीत तक्ते, "पन्नास टक्के जास्त खोल" असं ओरडणाऱ्या जाहिराती. हजार-हजार पौंड मोजून लोक यंत्रं बदलतात ती या आकड्यांवर. माझं म्हणणं असं की हे आकडे भलतंच काहीतरी मोजतात, आणि त्यांच्या मागे लागलेला माणूस शेवटी जिथे खणू नये तिथे खणतो. यातला दुसरा भाग मी स्वतःच्या अनुभवावरून लिहितोय. तो शेवटी सांगतो, कारण सांगायला मला अजूनही लाज वाटते.

आधी थोडं फिजिक्स. घाबरू नका, बारावीच्या पुढचं नाही.

कॉइलमधून उलटसुलट बदलणारा प्रवाह सोडला की तिच्याभोवती बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते जमिनीतल्या नाण्यापर्यंत पोचतं, नाण्यात छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह फिरवतं (आपण कॉलेजात एडी करंट म्हणून पाठ केलेले), आणि त्या प्रवाहांचं स्वतःचं इवलंसं क्षेत्र परत वर येऊन दुसऱ्या कॉइलमध्ये पकडलं जातं. म्हणजे जायचा प्रवास आणि यायचा प्रवास. कॉइलपासून पुरेसं लांब गेलं की जाताना क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. येतानाही घनाने. घन गुणिले घन म्हणजे सहावा घात. अंतर दुप्पट केलं की सिग्नल चौसष्टाव्या हिश्श्यावर!

आता हे जाहिरातीला लावून बघा. "पन्नास टक्के जास्त खोल" म्हणजे दीडपट अंतर. दीडचा सहावा घात अकराच्या वर जातो. म्हणजे जुन्या यंत्रापेक्षा अकरापट क्षीण सिग्नल नवीन यंत्राने ओळखायला हवा. याच तत्त्वावर चालणाऱ्या दोन यंत्रांत, तेवढ्याच कॉइलवर, दोन-तीन वर्षांत एवढी उडी? कुठून येणार ती?

किंवा "दुप्पट शक्ती" घ्या. शक्ती दुप्पट म्हणजे कॉइलमधला प्रवाह १.४१ पट, म्हणजे सिग्नल १.४१ पट, आणि त्याचं सहावं मूळ काढलं की खोली वाढली ६ टक्के. २५ सेंमीचे झाले साडेसव्वीस. दुप्पट बॅटरी जाळून दीड सेंटिमीटर. अभिनंदन!

एखादा चोखंदळ वाचक म्हणेल, सहावा घात लांबच्या अंतराला लागू होतो, ११ इंची कॉइल आणि २५ सेंमी खोलीला नाही. बरोबर आहे. मी कॉइलचं नेमकं सूत्र वापरून हिशेब केला, तर तिथे घात साडेचारच्या आसपास येतो. मग त्या दुप्पट शक्तीचे दीडऐवजी दोन सेंटिमीटर मिळतात. घ्या, अर्धा सेंटिमीटर माझ्यातर्फे :-)

आता गंमत बघा. ११ इंची कॉइल जमिनीला घासून फिरवायच्या ऐवजी ५ सेंमी वर धरून फिरवली, तर २० सेंमी खोल असलेलं नाणं कॉइलपासून २५ सेंमीवर जातं. त्याच सूत्राने सिग्नल मूळच्या चाळीस टक्क्यांच्याही खाली येतो. ही घट शक्ती वाढवून भरून काढायची, तर जवळजवळ सातपट शक्ती लागेल. आणि शेतात बघा कोणालाही. कापणीनंतरच्या खुंटांवरून कॉइल तरंगत असते, झोक्याच्या दोन्ही टोकांना तर वीतभर वर उचलली जाते. हजार पौंडांचं यंत्र हातात आणि खोली वाया चाललीये मनगटातून! पण "मनगट खाली ठेवा" हे वाक्य कोणी खोक्यावर छापत नाही, कारण ते विकता येत नाही.

हे झालं हवेतलं. जमीन आली की मजा अजून वाढते.

माती ही काही रिकामी जागा नाही. तिच्यात लोहाची चुंबकीय खनिजं असतात, आणि तीही कॉइलला उत्तर देतात. नाणं कुठेतरी खाली, माती मात्र कॉइलला चिकटून. त्यामुळे मातीचा आवाज नाण्यापेक्षा कैक पटींनी मोठा असतो. यंत्रातला ग्राउंड बॅलन्स हा मातीचा आवाज वजा करायचा प्रयत्न करतो, आणि उरलेल्या खरखरीतून नाणं शोधायचं असतं. आता प्रेषणाची शक्ती दुप्पट करा. नाण्याचा सिग्नल वाढला, मातीचाही तेवढाच वाढला. गुणोत्तर जिथल्या तिथे! शक्ती वाढवल्याचा फायदा होतो तो यंत्राच्या स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक खरखरीविरुद्ध आणि विजेच्या तारांच्या वगैरे बाहेरच्या गोंगाटाविरुद्ध. मातीविरुद्ध नाही.

म्हणून "या यंत्राची खोली" असं काही नसतं. कोणत्या मातीत? किती ओलीत? कोणतं नाणं? आडवं की उभं? मध्ययुगीन चांदीची पेनी १८ मिलिमीटरची आणि कागदासारखी पातळ, आणि त्यातही सुट्टे पैसे म्हणून तिचे कापून केलेले अर्धे नि पाव तुकडे सापडतात. व्हिडिओत मात्र नेहमी रुपयाच्या जुन्या बंद्या नाण्याएवढं जाडजूड चांदीचं नाणं. स्वयंपाकघराच्या टेबलावर, कॉइलला समांतर धरलेलं. आणि हे नाणं लांबून हलवत असताना दाखवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं की नाणं तिथे आहे.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. टेबलावर चाललं म्हणजे शेतात चालेल, हा भ्रम या यंत्राच्या जन्माइतका जुना आहे.

२ जुलै १८८१ ला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जेम्स गारफील्ड यांना गोळी लागली. गोळी शरीरात कुठे आहे ते सापडेना. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने इंडक्शन बॅलन्स नावाचं यंत्र जुळवलं, म्हणजे आपल्या डिटेक्टरचा पणजोबाच. यादवी युद्धातल्या, अंगात गोळ्या राहिलेल्या जुन्या सैनिकांवर त्याने ते तपासून पाहिलं. चाललं! मग राष्ट्राध्यक्षांवर फिरवलं. नाही चाललं. का? गारफील्ड ज्या बिछान्यावर झोपले होते त्याच्यात पोलादी स्प्रिंगा होत्या, असं कारण नंतर सांगितलं गेलं. शिवाय डॉक्टर ब्लिस यांची खात्री होती की गोळी उजव्या बाजूला आहे, त्यामुळे शोधही उजव्या बाजूलाच. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी निघाली डाव्या बाजूला, आणि वाटली होती त्याहून खोल.

बेलचं यंत्र वाईट नव्हतं. चाचणीची परिस्थिती आणि वापराची परिस्थिती वेगळी होती, इतकंच. आमच्या धंद्यात रोज हेच होतं. "माझ्या मशीनवर चालतंय" हे वाक्य ऐकलं नाही असा एक तरी प्रोग्रॅमर दाखवा. फरक एवढाच की आम्ही निदान ते वाक्य चेष्टेने म्हणतो. डिटेक्टरच्या दुनियेत त्याचा तक्ता करून खोक्यावर छापतात.

मग खोलीची तुलना करायचीच नाही का? करायची, पण रीतसर. आंधळी चाचणी करायची.

मागच्या वर्षी मी घरामागच्या अंगणात एक प्रयोग केला. दहा खुंट्या ठोकल्या, दहाही ठिकाणी वीतभर खड्डे करून पुन्हा बुजवले. बुजवायच्या आधी बायकोने त्यातल्या पाचांत एक-एक नाणं टाकलं. कुठल्या पाचांत ते तिलाच माहीत. मी घरात पाठ करून बसलो होतो (आणि ती एकूण प्रकाराबद्दल काय म्हणत होती ते इथे लिहीत नाही). मग मी यंत्र पूर्ण संवेदनशीलतेवर ठेवून फिरवलं. पाचही नाणी "सापडली"! आणि रिकाम्या पाच खड्ड्यांपैकी तिघांतही सापडली. मग संवेदनशीलता कमी करून पुन्हा फिरवलं. तीन नाणी सापडली, दोन हुकली, रिकाम्या जागी एकदाही ओरडलं नाही.

आता सांगा, माझ्या यंत्राची खोली किती? पहिल्या सेटिंगला ते वीतभर खोलीवर शंभर टक्के नाणी पकडतं. तक्त्यात हाच आकडा जाईल. पण ते रिकाम्या जागाही पकडतं, हे तक्त्यात जाणार नाही. दहा खड्ड्यांवरून काही सिद्ध होत नाही, मान्य. पण एक गोष्ट कळायला दहा खड्डे पुरतात. खोली हा एक आकडा नाही, ती जोडी आहे. किती वेळा बरोबर सापडलं, आणि किती वेळा उगाच ओरडलं. दुसरा आकडा लपवला की पहिला हवा तेवढा वाढवता येतो.

ही काही माझी शोधलेली अक्कल नाही. ज्यांचा जीव यावर अवलंबून असतो त्यांनी हे कधीच लिहून ठेवलंय. भूसुरुंग काढणाऱ्यांच्या डिटेक्टरांसाठी युरोपात २००३ मध्ये सीडब्ल्यूए १४७४७ नावाचा चाचणीचा दस्तऐवज तयार झाला. त्यात हवेतल्या चाचण्या आहेत, मातीतल्या आहेत, आणि वेगळ्या आंधळ्या चाचण्याही आहेत, जिथे यंत्र चालवणाऱ्याला लक्ष्य कुठे आहे ते माहीत नसतं आणि सापडण्याच्या शक्यतेबरोबर खोट्या इशाऱ्यांचंही प्रमाण मोजतात. म्हणजे पद्धत आहे, छापील आहे. छंदवाल्यांच्या बाजारात ती कोणी वापरत नाही, कारण ती वापरली की यंत्रांमधलं ते ऐटबाज अंतर आक्रसायची भीती आहे.

बरं, खोलीच्या नादात राहून काय जातं? जवळचं.

रोमन वस्तीच्या जागेवर गेलात तर पावलागणिक लोखंडी खिळे असतात. खिळ्याशेजारी दहा सेंटिमीटरवर चांदीचं नाणं असलं, तर खिळ्याचा आवाज नाण्याला झाकून टाकतो. तिथे कामाला येतं ते एका सिग्नलनंतर यंत्र किती चटकन सावरून दुसरा ऐकतं हे, आणि लहान कॉइल. मोठी कॉइल मोठ्या वस्तूसाठी खोल जाते हे खरं, पण ती एका वेळी जास्त माती आणि जास्त खिळेही ऐकते. शिवाय खोल गेलेल्या वस्तूची ओळख बिघडते. पडद्यावरचा आकडा नाचायला लागतो, चांगलं नाणं लोखंड म्हणून दाखवलं जातं. म्हणजे "ऐकू येणं" आणि "कळणं" या दोन वेगळ्या खोल्या आहेत. तक्त्यात पहिली असते.

माइनलॅबचं इक्विनॉक्स घ्या, एक्सपीचं ड्यूस २ घ्या, नाहीतर नोक्ताचं लेजंड घ्या. एकाच वेळी अनेक फ्रीक्वेन्सी वापरणारी ही यंत्रं आहेत, आणि त्यांच्यात फरक नक्कीच आहेत. वजन, पाण्यात चालणं, आवाजाचा स्वभाव, खिळ्यांतून सुटण्याची हातोटी. हे फरक दिवसभर शेतात फिरल्यावर खांद्याला आणि कानाला कळतात. इंचात मांडता येत नाहीत, म्हणून कोणी मांडत नाही.

आता समोरच्या बाजूचंही ऐकू. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या पट्ट्यात माती इतकी खनिजांनी भरलेली आहे की साधी यंत्रं तिथे गडबडतात. तिथे पल्स इंडक्शन यंत्रं खोलीत खरोखर फरक पाडतात, आणि खोल गेलेला एक गोळा यंत्राची किंमत वसूल करतो. तिथल्या माणसाने खोली विचारली तर तो शहाणा आहे. पण तो काय विचारतोय बघा. "माझ्या मातीत, एवढ्या सोन्यासाठी, किती?" त्याच्या प्रश्नात माती आहे, वस्तू आहे. आपल्या प्रश्नात फक्त "किती?"

आणि नुसत्या "किती?"ला तळ नसतो. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या इंग्लिश माणसाने एडीई ६५१ नावाचं खोटं यंत्र विकलं. भिंतीआडचं, पाण्याखालचं, जमिनीखालचं, किलोमीटरभर लांबचं सगळं शोधतं म्हणे. आत काही नव्हतंच. मूळ कल्पना हरवलेले गोल्फचे चेंडू शोधायच्या एका गमतीच्या खेळण्यावरून उचललेली. इराकमध्ये तपासणी नाक्यांवर शिपाई ते घेऊन बॉम्ब शोधत उभे होते. २०१३ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. दीड सेंटिमीटर फुगवून सांगणारा आणि किलोमीटर फुगवून सांगणारा यांना मी एका माळेत ओवत नाहीये. पण गिऱ्हाईक दोघांचंही एकच. आकडा कसा मोजला हे न विचारणारं.

आता ती लाज वाटणारी गोष्ट.

दुसऱ्या वर्षीचा सप्टेंबर. कापणी झालेलं गव्हाचं शेत. माझ्याकडे नवीन मोठी कॉइल, आणि डोक्यात खूळ की तिची खरी खोली सिद्ध करायची. दुपारी एक अगदी पुसट, पण दोन्ही दिशांनी येणारा सिग्नल मिळाला. खणलं. वीतभर, काही नाही. खड्ड्यात कॉइल घातली, सिग्नल अजून खाली! पुन्हा खणलं. माती बदलली होती, वरची तपकिरी भुसभुशीत, खालची जरा काळसर, घट्ट. मी थांबलो नाही. उलट हात भराभर चालायला लागले. शेवटी एकमेकांना चिकटलेल्या चार-पाच हिरव्या रोमन तांब्याच्या नाण्यांचा गोळा हाताला लागला. सोबत करड्या खापराचे तुकडे. मी टेपपट्टी काढली, खड्ड्यात उभी धरली. सोळा इंच! फोटो काढला. खड्डा बुजवला. घरी येईपर्यंत हवेत होतो.

इंग्लंड-वेल्समध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची सोय आहे. १९९७ मध्ये सुरू झाली, २००३ पर्यंत सगळीकडे पोचली. सापडलेल्या वस्तू तिथल्या अधिकाऱ्याला दाखवायच्या, ते जागेसकट नोंद करतात. अशा दहा लाखांहून कितीतरी जास्त नोंदी आज तिथे आहेत. मी गोळा घेऊन गेलो. अधिकारी बाईंनी बघितला, आणि शांतपणे विचारलं, "खापर नाण्यांच्या खाली होतं की बाजूला?"

माहीत नव्हतं.

"खड्ड्याच्या बाजूला मातीचा रंग कुठे बदलला? काळी माती खड्ड्यापुरती होती की पसरलेली?"

माहीत नव्हतं. माझ्याकडे फोटो होता. टेपपट्टीचा. तिच्यावरचे आकडे अगदी स्पष्ट दिसत होते. मागची भिंत धूसर.

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त समजावून सांगितलं की नांगर दरवर्षी वरचा थर उलटापालटा करतो, त्यातल्या वस्तू आधीच जागेवरून हललेल्या असतात, त्या उचलल्याने फारसं बिघडत नाही. नांगराच्या खाली मात्र जे असतं ते ज्याने ठेवलं त्याने ठेवलं तसंच असतं. पुरलेलं मडकं होतं, की कचऱ्याचा खड्डा, की घराची जमीन, हे त्या मातीतच लिहिलेलं असतं आणि एकदाच वाचता येतं. जबाबदार शोधाची इथली आचारसंहिता २००६ ची, २०१७ मध्ये सुधारलेली. ती हेच सांगते. शक्यतो आधीच हललेल्या जमिनीत काम करा, नांगरटीच्या खोलीपर्यंतच थांबा, खाली काही जागच्या जागी दिसलं तर खणणं बंद करा आणि मदत बोलवा.

आता हे त्या तक्त्याशेजारी ठेवून बघा. नांगरटीचा थर साधारण २० ते ३० सेंमी. बाजारातली कुठलीही बरी यंत्रं नाण्यासाठी तेवढी पोचतात. म्हणजे ज्या दोन-चार इंचांसाठी एवढी मारामारी चालते ते इंच बहुतेक ठिकाणी अशा थरात आहेत जिथे आपण हातच घालायचा नाही. ज्या शर्यतीत जिंकलं तरी बक्षीस उचलायला मनाई, ती शर्यत आपण पैसे भरून पळतोय.

मोठे शोध कसे लागले बघा ना. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सनला एरिक लॉज शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले होते. सापडला रोमन खजिना, १४,८६५ नाणी आणि सोन्या-चांदीची भांडी-दागिने. त्यांनी थोडं उचललं आणि थांबले, कळवलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी उत्खनन केलं, म्हणून तो ऐवज लाकडी पेटीत कसा रचून ठेवला होता ते आज माहीत आहे. (हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे!) २००९ मध्ये टेरी हर्बर्टना स्टॅफर्डशायरचा अँग्लो-सॅक्सन सोन्याचा खजिना मिळाला, तोही नांगरलेल्या मातीत, आणि बातम्यांनुसार चौदा वर्षं जुन्या यंत्राने. "पण जर्सी बेटावर २०१२ मध्ये खूप खोल सापडलं की!" सापडलं. जवळजवळ सत्तर हजार नाण्यांचा, पाऊण टनाचा गोळा होता तो. एवढा मोठा गोळा लांबून ऐकू येतो यात नवल नाही. शोधणारे दोघे त्या भागात तीस वर्षं फिरत होते, आणि नाणी दिसल्याबरोबर त्यांनीही खणणं थांबवलं. या सगळ्या गोष्टींत कामाला आलं ते योग्य शेत, चिकाटी आणि थांबणं. यातलं काहीच कॉइलसोबत मिळत नाही.

मी ती मोठी कॉइल विकली. घेणाऱ्याने विचारलं, "खाली किती जाते?" मी म्हटलं, "जायला नको तितकी." त्याला वाटलं मी जाहिरात करतोय. खूश होऊन घेऊन गेला.

असो.

ता. क. : आतेभावासाठी खास. बाबा रे, गावच्या पडक्या गढीत फिरवायला यंत्र पाठव म्हणतोस, तर ऐक. आपली दख्खनची माती बेसाल्टची, चुंबकीय खनिजांनी भरलेली. इथले आकडे तिथे धरूच नकोस. दुसरं, १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं जुनं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित स्मारकात विनापरवाना खणणं तर १९५८ च्या कायद्याने सरळ गुन्हा आहे. तेव्हा यंत्र येणार नाही. दिवाळीला मी येतो, आणि गढी नुसती बघून येऊ.